राजापूर : एका मतदारसंघाचा जमाखर्च

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या वर्षी मला अठरा वर्षे पूर्ण झाली. आपल्या महाविद्यालयात मतदार नोंदणीचे शिबिर भरले होते. तेथून ‘नमुना ६’ चा अर्ज घेऊन मी घरी आले आणि संध्याकाळी पडवीत बसून तो भरू लागले. आमच्या घरी कसलाही अर्ज भरायचा झाला तर तो माझ्याकडे येतो. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, चिऱ्याच्या खाणीवर कामाला जातात. आई चौथीपर्यंत गेली. आजीने शाळेची पायरी चढलेली नाही. महाविद्यालयात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच.

अर्जावर विधानसभा मतदारसंघाचे नाव लिहायचे होते. आमचे गाव मालवण तालुक्यात, म्हणून मी मोठ्याने म्हणत म्हणत ‘कुडाळ’ असे लिहिले. आजी शेजारी काजूच्या बिया निवडत होती. तिने विचारले, “आणि दिल्लीचो?” मी सांगितले, “दिल्लीसाठी आपला मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग.” तिचे हात थांबले. “मगे राजापूर खंय गेलो गो?”

२००९ पासून आजी नव्या मतदारसंघात मत देत आली आहे. पण तिला वाचता येत नाही. ती चिन्ह पाहून मत देते. मतदारसंघाचे नाव बदलले हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी म्हटले, “राजापूर बंद झाला, आजी.” त्यावर ती म्हणाली, “शाळा बंद पडता, गिरण बंद पडता. मतदारसंघ कसो बंद पडता?”

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी असूनही मला उत्तर देता आले नाही. मग सुट्टीत जे वाचले, सरांना जे विचारले आणि वहीवर जी आकडेमोड केली, ती सर्व या लेखात मांडत आहे. वाचकांनी हा लेख म्हणजे आजीला दिलेले उत्तरच समजावे.

नाव आणि हद्द

१९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा राजापूर नावाचा मतदारसंघ नव्हता. त्या वेळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन लोकसभा मतदारसंघ होते. १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीत राजापूर हे नाव प्रथम आले आणि २००४ च्या निवडणुकीत ते शेवटचे छापले गेले. या काळात तेथे तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या.

राजापूर हे जुने बंदर. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु राजापूर शहर मतदारसंघाच्या उत्तर भागात होते. अखेरच्या काळात लांजे, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात मोडत. म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा मतदारही ‘राजापूर’ चाच. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, तरी मतदारसंघाचे नाव राजापूरच राहिले. आमची आजी राजापूरला एकदाच गेली आहे, तीही गंगा आली तेव्हा स्नानाला. तरीसुद्धा “आमी राजापूरवाले” असे ती निवडणुकीपुरते म्हणते.

बॅरिस्टर नाथ पै

१९५७ ची निवडणूक कोणत्या वातावरणात झाली हे समजल्याशिवाय राजापूरचा आरंभ समजत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईचे द्विभाषिक राज्य झाले होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. कोकणातले हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत काम करीत होते. मुंबई कोणाची, हा प्रश्न त्यांच्या पोटाशी आणि राहत्या खोलीशी जोडलेला होता. गावी गणपतीला आणि शिमग्याला येताना ते मुंबईतली चळवळ सोबत आणीत. त्या वर्षी राजापूरमधून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगावात, पुढे विलायतेत बॅरिस्टरी. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी राजापूरमधून जिंकल्या. आजीचे माहेर वेंगुर्ले तालुक्यातले. लग्नाआधी वडिलांचे बोट धरून ती त्यांच्या सभेला गेली होती. त्या सभेविषयी ती म्हणते, “ते बोलाक लागले की ल्हान पोरांपण गप रवत.” काय बोलले ते मात्र तिला आठवत नाही.

आजीने पहिले मत १९६७ साली दिले. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते, आणि तिला नुकतीच एकवीस पुरी झाली होती. समाजवाद्यांची निशाणी झोपडी. “आमका खंय वाचूक येता? झोपडी बघलंय, शिक्को मारलंय,” असे ती सांगते. त्याआधी १९५७ साली तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. निरक्षर माणसाला राज्यकारभारात भाग घेता यावा म्हणून केलेली ही सोय. आपल्याकडे शिकलेली माणसे चिन्हावर मत देणाऱ्यांना हसतात. मला आता तसे हसू येत नाही.

मागच्या सत्रात वर्गात घटनादुरुस्तीचे प्रकरण चालू होते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी असा निर्णय दिला, की मूलभूत हक्कांना बाध आणणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. सर पुढे म्हणाले, “यावर लोकसभेत एका खासगी सदस्याने विधेयक मांडले. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा स्पष्ट व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. ते नाथ पै विधेयक.” मी वही मिटून सरांकडे पाहतच राहिले. आमच्या पडवीत ज्यांच्या सभेची आठवण निघते, त्याच माणसाचे नाव माझ्या अभ्यासक्रमात होते!

ते विधेयक संमत झाले नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली, आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा तो अधिकार घटनेत स्पष्टपणे लिहिला गेला. पुढे १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने संसदेचा हा अधिकार मान्य केला, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही अशी मर्यादाही घातली. झोपडीवर शिक्का मारणाऱ्या बायांनी पाठवलेल्या माणसाने देशाच्या घटनेवरील एवढ्या मोठ्या वादात भाग घेतला, ही गोष्ट आपल्या भागात पुरेशी सांगितली जात नाही.

प्रा. मधु दंडवते आणि रेल्वे

नाथ पै गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत निवडणूक आली. प्रजा समाजवादी पक्षाने मधु दंडवते यांना उभे केले. ते जन्माने अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. कोकणचे नव्हेत. तरी लोकांनी त्यांना निवडून दिले. १९७१ च्या त्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाला साऱ्या देशात केवळ दोन जागा मिळाल्या. त्यातली एक राजापूर.

पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा आणखी चार निवडणुका दंडवते यांनी जिंकल्या. नाथ पै यांच्या तीन आणि दंडवते यांच्या पाच, म्हणजे आठ निवडणुका. १९५७ पासून १९९१ पर्यंत चौतीस वर्षे या मतदारसंघाने दोनच माणसांना दिल्लीला पाठवले, आणि त्यांतला बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर बसले.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, तर त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याला. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी केलेली एक गोष्ट सगळ्या देशाला माहीत आहे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर लाकडी फळ्या असत. त्यांवर दोन इंच जाडीचे फोम बसवण्यास त्यांनी सुरुवात केली. १९७४ च्या रेल्वे संपात कामावरून काढलेल्या कामगारांना परत घेण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला. गंमत अशी, की हे सगळे करणाऱ्या मंत्र्याच्या स्वतःच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळ नव्हता. आमच्याकडची माणसे मुंबईला जात ती पूर्वी बोटीने आणि नंतर एस. टी. ने.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी नाथ पै यांच्या काळापासूनची. रोह्यापर्यंत रूळ यायला १९८६ साल उजाडले. १९८९ साली केंद्रात पुन्हा सरकार बदलले. दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उरलेला पैसा रोखे काढून उभारला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली डोंगर फोडून बोगदे खणले गेले, नद्यांवर पूल बांधले गेले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग संपूर्ण खुला झाला.

येथे १९८४ सालची एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. इतरांना मिळालेल्या पाच जागांत एक राजापूर होती, तेथे दंडवते. आणि एक मुंबई दक्षिण मध्य होती, तेथे गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला तो संप तोवर मोडीत निघाला होता. आमचे आजोबा त्याच संपातले. परळच्या एका चाळीत दहा-बारा जणांच्या खोलीत ते राहत. त्यांचे नाव तिकडच्या यादीत, तर आजीचे इकडच्या. आजोबांनी मत सामंतांना दिले आणि आजीने दंडवते यांना. नवरा-बायको दोन ठिकाणी, पण दोघांचीही माणसे निवडून आली. पुढे गिरणी काही आजोबांना परत मिळाली नाही. एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन ते कायमचे गावी आले.

१९९१ ते २००४

१९९१ च्या निवडणुकीत दंडवते हरले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. ज्या रेल्वेसाठी एवढी वर्षे खटपट केली तिचे काम सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी पराभव झाला! आजीला याचे कारण विचारले तर ती म्हणते, “दिवस बदलले.” मला वाटते, मुंबई बदलली तसे आमचे मतही बदलले. चाळीत आणि गिरणीच्या दारात लाल बावट्याच्या, समाजवाद्यांच्या सभा होत. गिरण्या बंद पडल्या, तशा त्या सभाही ओसरल्या. गणपतीला येणारे चाकरमानी आता शिवसेनेचे बोलू लागले. १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा चार निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. ते सनदी लेखापाल. केंद्रात पर्यावरण, ऊर्जा अशी खाती त्यांनी सांभाळली. पुढे २०१४ ते २०१७ या काळात तेही रेल्वेमंत्री होते, मात्र तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

अशा रीतीने तेरा निवडणुकांत चारच माणसे राजापूरहून निवडून आली. चौघेही पुरुष. हे मुद्दाम लिहिते, कारण याचा संबंध पुढच्या हिशेबाशी आहे.

हिशेब

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. मतदारसंघ बंद कसा पडतो?

लोकसभेतल्या प्रत्येक सदस्यामागे राज्यात साधारण सारखीच लोकसंख्या असावी, असे आपली घटना सांगते. प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना करावी, असेही कलम ८२ मध्ये आहे. परंतु १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे काम थांबवले आणि १९७१ ची जनगणना पुढे धरून चालावी असे ठरवले. कारण असे, की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन चांगले केले त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने राज्याराज्यांमधील जागांची ही वाटणी तशीच ठेवली. मात्र प्रत्येक राज्याच्या आत हद्दी नव्याने आखायला परवानगी दिली, आणि २००३ च्या सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना धरली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हे काम केले. नवी रचना फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाली.

येथे मी वही घेऊन बसले. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. त्या गणनेवरून ठरलेल्या ४८ जागांनी भागले तर एका खासदारामागे साडेदहा लाख माणसे येतात. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ९० हजार. म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला जवळजवळ १.९ जागा. दोन खासदार मिळाले ते बरोबरच होते.

२००१ साली महाराष्ट्र ९ कोटी ६८ लाखांवर गेला. जागा त्याच ४८. एका खासदारामागे आता सुमारे २० लाख १८ हजार माणसे हवीत. रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५. दोन्ही मिळून २५ लाख ६५ हजार. भागाकार केला तर उत्तर येते १.२७. दोन खासदारांना माणसे पुरत नाहीत!

याच रीतीने ठाणे जिल्ह्याचा हिशेब केला. १९७१ साली सुमारे २२ लाख ८० हजार, म्हणजे २.१७ जागा. २००१ साली ८१,३१,८४९, म्हणजे चार जागा. आमच्या दोन जिल्ह्यांचे जेवढे घटले त्याच्या कितीतरी पट तिकडे वाढले.

म्हणून नव्या रचनेत चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ जोडून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच लोकसभा मतदारसंघ झाला. रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा दापोली-गुहागरचा भाग रायगडला जोडला गेला. विधानसभेच्या यादीतून देवगड, मालवण आणि वेंगुर्ले ही नावेही गेली. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे चार आमदार होते, ते तीन झाले. त्याच आदेशाने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कल्याण, भिवंडी आणि पालघर हे लोकसभा मतदारसंघ आले.

नव्या मतदारसंघातून २००९ साली काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ व २०१९ साली शिवसेनेचे विनायक राऊत आणि २०२४ साली भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे निवडून आले.

माणसे कुठे गेली?

हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही. एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखी किंमत, हे तत्त्व मान्य केले की हे उत्तरही मान्य करावे लागते. ठाण्यातल्या वीस लाखांना एक खासदार आणि आमच्या तेरा लाखांनाही एक, असे झाले तर तो त्यांच्यावर अन्याय होईल.

पण भागाकारात एक गोष्ट दिसत नाही. आमची माणसे संपलेली नाहीत. ती दुसरीकडे मोजली गेली आहेत. ठाण्याची वाढ काही एकट्या कोकणाने केलेली नाही. देशातून सगळीकडून माणसे तेथे आली. पण आमच्या वाडीतल्या एकवीस घरांची मी यादी केली. त्यातल्या सतरा घरांतले कोणी ना कोणी मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार येथे आहे. पाच घरांना तर बारा महिने कुलूप असते, ते गणपतीत उघडते. आमचा काका डोंबिवलीला राहतो. त्याचे मत कल्याण मतदारसंघात. आमचा मतदारसंघ ज्या आदेशाने गेला त्याच आदेशाने काकाचा आला.

जनगणनेतच याचा दुसरा पुरावा आहे. २००१ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२२ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ११३६ आणि सिंधुदुर्गात १०७९. वर्गात हे आकडे आले की आमच्याकडे स्त्रियांचा मान मोठा, असे कोणीतरी म्हणते. मान असेल किंवा नसेल. पण पुरुष घरी नाहीत हा त्या आकड्याचा खरा अर्थ आहे. मनीऑर्डरची वाट बघणाऱ्या, भात लावणाऱ्या, गुरे राखणाऱ्या बायांचा हा मतदारसंघ होता. चौतीस वर्षे नाथ पै आणि दंडवते यांना निवडून देणाऱ्यांत आमच्या आजीसारख्या बायांची संख्या मोठी होती. त्यांची नावे कुठे छापून आली नाहीत आणि त्यांच्यातले कोणी उमेदवारही झाले नाही. पण पुरुष गेल्यावर मागे राहून त्यांनी राजापूर चालवला.

रेल्वे आली की माणसे गावी राहतील, उद्योग येतील, अशी जुन्या लोकांची आशा होती. रेल्वे आली, प्रवास सोपा झाला, आजारी माणसाला मुंबईला नेणे सोपे झाले. हे लहान काम नव्हे. परंतु रेल्वे दोन्ही दिशांनी जाते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ वर उतरली आणि रत्नागिरीची १६,१५,०६९ वर. साऱ्या राज्यात माणसे वाढत असताना आमच्या दोन्ही जिल्ह्यांत ती कमी झाली. २०११ चा आकडा धरून तोच भागाकार केला तर दोन जिल्ह्यांच्या वाट्याला १.०५ जागा येते. माझ्या वहीतले हे शेवटचे उत्तर. ते लिहून मी वही बाजूला ठेवली.

माझा अर्ज

अर्ज भरताना काकाचा फोन आला होता. तो म्हणाला, “नाव तिकडे कशाला घालतेस? बी. ए. झालीस की नोकरीला इकडेच यायचं आहे. नाहीतर लग्न होऊन नाव हलवावंच लागेल. उगाच दोनदा खटाटोप.” काका वाईट बोलला नाही. त्याने मला पहिल्या वर्षाच्या फीचे पैसे पाठवले होते. आणि तो म्हणतो ते खोटेही नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींनी याच कारणासाठी अर्ज परत दिला नाही. मुलीचे नाव माहेरच्या यादीत चढण्याआधीच ते कमी होणार असे सगळे धरून चालतात.

मी आजीला विचारले. ती म्हणाली, “नाव हंयसरच घाल. लगीन होयत तेव्हा होयत. आज तू हंय आसस मां?”

मी अर्ज भरला आणि शिबिरात नेऊन दिला. एका अर्जाने १.०५ चे २ होत नाहीत, एवढे गणित मला येते. नोकरीसाठी मलाही डोंबिवलीची गाडी धरावी लागेल, हेही मी जाणते. पण जोपर्यंत येथे आहे तोपर्यंत येथेच मोजली जाईन. मैत्रिणींनाही माझे एवढेच सांगणे आहे. दिल्लीला आपल्यासाठी कोण बोलणार हे शेवटी मोजणीवर ठरते, आणि जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी नाथ पैंसारखा वक्ताही बोलू शकत नाही.

हा लेख पुरा झाल्यावर मी तो आजीला वाचून दाखवला. नाथ पैंच्या ठिकाणी ती दोनदा ‘होय’ म्हणाली. आजोबांच्या वळकटीच्या ठिकाणी काही बोलली नाही. भागाकार तिला कळला की नाही कोण जाणे. पण माणसे मुंबईला गेली म्हणून मतदारसंघ गेला, एवढे तिने बरोबर धरले. शेवटी तिने विचारले, “राजापूरची गंगा जाता, परत येता. ह्यो येतलो मां?”

मी म्हटले, “माणसां इली तर येतलो.”